कापलेला बंपर

शेखर डेंटर टाटीबंधचा माणूस. रायपूरात ज्याची गाडी ठोकली तो टाटीबंधले जाते, अन् तिथं कोणालेही शेखर कुठं म्हणून विचारा, हातातला पाना खाली न ठेवता तो हनुवटीनं दिशा दाखवते. पण औंदा कोणी विचारलं असतं तर हनुवटी उलटी, शहराकडं वळली असती. चौबे कॉलोनी, भार्गवभैयाचा बंगला, मागचं टिनाचं शेड. तिथं शेखर उन्हाळ्यापासून अडकून पडला होता. अडकला कशात म्हणाल, तर एका बंपरमध्ये.

माणूस बुटका, छाती रुंद, चालते पाय फाकून. अर्धी हयात गाड्यांपुढं उकिडवं बसण्यात गेली, पाय जवळ येतीन कसे? सकाळी दातांले गुडाखू, म्हणजे गुळातली तंबाखू, घासल्याशिवाय बोलत नाई, अन् घासल्यावर बोलते ते शिवीपासून सुरू करते. बाप पुलगावहून रेल्वेत खलाशी म्हणून आला अन् इथलाच झाला. शेखर पुरानी बस्तीत जन्मला, तिथंच बायको आणली. कुसुम तिचं नाव. घरात वऱ्हाडी, गल्लीत छत्तीसगढी, गिऱ्हाइकाशी हिंदी, असा त्याचा तीन भाषांचा संसार. नीट एकही येत नाई असं कुसुम म्हणते.

धंदा तो मुन्ने उस्तादकडं शिकला. उस्ताद गेला, पण त्याचे दोन कायदे त्याच्या चेल्यांनी सोडले नाईत. पहिला असा, की गंजलेलं, सडलेलं लोखंड कोणीही कापावं, पण साबूत लोखंडाले ज्यानं कटर लावला त्यानंच ते पुरं करावं. दुसरा डेंटर त्याले हात लावत नाई. ह्यात धर्म-बिर्म काही नाई. दोन हातांचं काम एका पत्र्यात आलं अन् पुढं खोट निघाली, तर दोघं एकामेकाकडं बोट दाखवतात अन् गिऱ्हाईक दोघायले हाणते, म्हणून हा कायदा. दुसरा कायदा विश्वकर्म्याच्या पूजेचा. सप्टेंबरात पूजा येते. त्या दिवशी ज्या शेडात तुमची हत्यारं देवापुढं बसली, त्या शेडचे तुम्ही पुढच्या पूजेपर्यंत. कागद नाई, सही नाई. हातोडीले कुंकू लागलं की झालं.

आता शेखरच्या जिवाची गोष्ट होती ती ह्या दुसऱ्या कायद्यात. त्याचा उस्तादभाऊ सुशील, टाटीबंधले बसच्या बॉड्या बांधायचं शेड काढून राहिला होता. नवं शेड, नवं वेल्डिंग मशीन, दोघायची भागीदारी. शेखरनं सारा जन्म दुसऱ्याच्या शेडात दुसऱ्याच्या ठोकलेल्या गाड्या सरळ केल्या. नवी कोरी वस्तू आपल्या हातानं उभी करायची, ही एकच हौस त्याले होती. सुशीलनं साफ सांगितलं होतं, "शेखर, पूजेले तुह्यी पेटी माह्या शेडात पाह्यजे. मंग आपण दोघं. नाई आली तर मले दुसरा पाहा लागते, बस थांबत नाई."

"येतो ना बे," शेखर म्हणाला होता. तेव्हा चैत होता अन् पूजा लई दूर होती.

त्याच चैतात भार्गवभैया टाटीबंधले आला. ही मंडळी जुनी, भोसल्यांच्या काळात इकडं आलेली. पंडरीत कापडाचं ठोक दुकान, तीन भावांचं. भार्गव सगळ्यात धाकटा. चाळिशी उलटली तरी घरात त्याले कोणी काही विचारत नसे अन् दुकानात त्याच्या गल्ल्यावर थोरला बसे. त्यानं नागपूरच्या एका पारशाच्या गोदामातून जुनी अमेरिकन मस्टँग उचलून आणली होती. लांबलचक बोनट, दोनच दरवाजे, इंजिन एवढं की एका नांगराची बैलजोडी आत झोपावी. रंग गेलेला, सीट उंदरांनी खाल्लेल्या, पण पत्रा असा की शेखरनं बुक्की मारून पाह्यली तर बुक्कीच दुखली.

"गाडी ठीक आहे," भार्गव म्हणाला, "पण हा बंपर बघा ना भैया. असा पुढे का आलाय? जैसे किसी और गाडी का लगा दिया हो. मला तो अंगाला चिकटून पाहिजे. दोन्ही टोकं थोडी आत. आणि हे बोल्टचे डोके दिसायलाच नकोत."

"अंगाले चिकटवला तर ठोकर लागल्यावर अंगच मार खाईन ना."

"ठोकर कोण मारणार हिला? ही कुठे जाणार आहे?"

शेखर हसला. मंग गंभीर झाला. "हा बंपर साबूत आहे, भार्गवभैया. ह्याले कटर लावला म्हणजे पुरा होईस्तोवर मी बांधला गेलो. आमचा कायदा आहे तसा."

"अरे वा!" भार्गवनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मग तर बरंच झालं."

नारळ फुटला. मागच्या पूजेले जिथं बसला होता त्या शेडवाल्याची मोकळीक घेऊन शेखरनं आपली हत्याराची पेटी चौबे कॉलोनीत आणून ठेवली अन् बंपरले कटर लावला. ठिणग्या उडाल्या, भार्गव पोट्ट्यासारखा टाळ्या वाजवत उभा.

काम तसं महिन्याचं होतं. बंपर मधून कापून आखूड करायचा, टोकं वळवायची, मागून वेल्ड मारायचा, घासून सांधा असा मिटवायचा की क्रोम चढल्यावर शोधून सापडू नये. बोल्ट पुढून न घालता मागच्या बाजूनं खुंट्या चिकटवायच्या. शेखरनं ते जेठ लागायच्या आत केलंही. बंपर लावला, चार पावलं मागं सरकला, अन् त्याले वाटलं, झालं.

भार्गव मोबाईल घेऊन आला. "भैया, ये देखो. कुणीतरी असा केलाय. आणखी थोडा आत. बघा, कसा गालावर बसलाय."

"आत्ता जो हाय तो वाईट दिसते का?"

"वाईट नाही हो. पण हे बघितल्यावर..."

बंपर उतरला, पुन्हा कापला. पुन्हा जुळवला. मंग भार्गवले टोकं टोचू लागली. मंग मधला भाग जरासा खाली झुकला पाह्यजे असं निघालं. दर वेळी मोबाईलमध्ये नवी फोटू, दर वेळी भार्गव गोड बोले. ओरडला असता, हिशोब काढला असता, तर शेखर भांडून मोकळा झाला असता. भांडण त्याले जमते. पण इथं शेडात मोठा कूलर लावून दिलेला. सकाळी चहा, दुपारी भार्गवची आई, इंदूकाकू, स्वतः ताट घेऊन येई.

"शेखर, आधी जेव. ते धूड कुठे पळत नाही," काकू म्हणत.

"तेच तर आहे ना काकू, पळालं असतं तर बरं होतं."

काकूले ते विनोद वाटे. ती हसून भातावर आणखी वरण टाकी.

घरी कुसुमनं गाडीचं नाव अमेरिका ठेवलं होतं. संध्याकाळी तो आला की म्हणे, "अवो, झाली का तुमची अमेरिका?"

"होऊन राहिली."

"आषाढात होऊन राहिली होती, सावनात होऊन राहिली. पंडरीवाल्याची गाडी आहे का वडाची पारंबी? खाली आली की पुन्हा रुतते."

"तुले काही समजते का त्यातलं?"

"मले एवढं समजते की सुशीलभाऊच्या शेडाचे पत्रे चढून राहिले. काल बजारात त्यायची बायको भेटली. लता म्हणे, आमचा सामान आला, भाऊजी कधी येतात? मी काय सांगू? सांगू का, की त्यायले वरण-भात लागला म्हणून?"

शेखरनं ताटातला बोरेबासीचा, पाण्यात भिजवलेला, भात चिवडला. बोचलं ते बरोबर जागी. तिकडचं वरण खरंच चांगलं होतं.

सावनात एक दिवस त्याले सगळं उलगडलं. दुपार होती. भार्गव शेडातल्या स्टुलावर बसला होता, पायात हवाई चप्पल, हातात पॉलिशचं फडकं, आधीच चकचकीत असलेलं गाडीच्या आरशाचं भांडं पुसून राहिला होता. फोन वाजला. थोरल्या भावाचा. भार्गव उभाच राहिला, जसा काही भाऊ फोनमधून पाहून राहिला.

"हाँ दादा... नाही, गाडीचं काम चालू आहे ना... मिस्त्री थांबलाय... आज नाही जमणार... हाँ... हाँ, गाडी झाली की रोज येतो. पक्का."

फोन ठेवला अन् पुन्हा फडकं उचललं. शेखरकडं पाह्यलं नाई.

शेखर समजला. गाडी झाली की हा माणूस पंडरीत गादीवर जाऊन बसणार, थोरल्याच्या मागं, गठ्ठे मोजत. गाडी होईस्तोवर हे शेड त्याचं. इथं त्याले कोणी दादा नाई. म्हणून बंपर आणखी आत, आणखी खाली, आणखी गालावर. ह्या माणसाले बंपर नको होता, काम चालू पाह्यजे होतं. शेखरले राग आला अन् रागाची जागाच सापडेना. ज्याच्यावर रागवायचं तो त्याच्यापेक्षा जास्त कोंडलेला.

"भार्गवभैया," तो एवढंच म्हणाला, "पूजेच्या आधी मले जाऊ द्या. सुशील थांबला."

"अरे जाओ ना भैया, मैंने कब रोका?" भार्गव म्हणाला. अन् ते खरंच होतं. त्यानं कधी रोखलं नव्हतं.

भादवा लागला. भार्गवच्या नशिबानं का शेखरच्या, थोरल्यानं त्याले माल घ्यायले सुरतले पाठवला. आठवडाभर मोबाईलमधली फोटू नाई, स्टूल रिकामं. शेखरले वाटलं, दार उघडलं. आता बंपर जुळवायचा, प्लेटिंगवाल्याकडं टाकायचा, क्रोम चढवून लावून द्यायचा. क्रोम चढलेल्या बंपरले पुन्हा काप म्हणायची हिंमत भार्गवलेही होणार नाई.

इथं त्यानं ते केलं जे त्यानं कोण्या पोरसवदा डेंटरले करू दिलं नसतं. गाडीत इंजिन नव्हतं, दुरुस्तीले उतरवून नेलेलं. इंजिनवाला मिस्त्री पूजेच्या तोंडावर येतो म्हणाला होता. गाडी लाकडाच्या ठोकळ्यांवर, नाक हलकं, हवेत. अशा गाडीवर बंपरचं माप घेऊ नये. इंजिनाचं वजन पडलं की पुढचं अंग बसते, पत्रा बसते, मडगार्ड सरकते. उस्ताद म्हणायचा तसं शेखरही कितीदा म्हणाला होता. पण इंजिनाची वाट पाह्यली असती तर क्रोमले वेळ नव्हता, अन् क्रोम झालं नसतं तर पूजा गेली असती. त्यानं मनात म्हटलं, अमेरिकेचा पत्रा जाड आहे, नाई बसत. अन् माप घेतलं. मागून शेवटचा वेल्ड मारला. घासला, पुन्हा घासला, तेल लावून उजेडात धरला. सांधा दिसेना.

भार्गवले सुरतले फोन लावला. "क्रोमले टाकू का?"

तिकडून भार्गव, "टाका. तुम्हाला पसंत आहे ना?"

"पसंत आहे."

भनपुरीचा प्लेटिंगवाला चांगला निघाला. बंपर आला तेव्हा शेखरनं त्यात स्वतःचं तोंड पाह्यलं, अन् शिवी दिली, खुशीची. इंदूकाकूले बोलावून दाखवला. काकू त्यात पाहून पदर नीट करू लागली. त्या संध्याकाळी शेखर घरी गेला अन् कुसुमले म्हणाला, "सुशीलले फोन कर, पेटी घ्यायले गाडी पाठव म्हणा."

कुसुमनं चुलीवरून मान वळवली. "झाली अमेरिका?"

"झाली समज."

"समज नको, झाली सांगा."

"झाली ना बाप्पा!"

पूजेच्या आदल्या दिवशी इंजिनवाला आला. चेन-पुलीनं इंजिन उचललं, गाडीच्या पोटात सोडलं. ठोकळे काढले. गाडी टायरांवर बसली, अन् बसताना तिनं असा आवाज केला जसा थकलेला माणूस खाटेवर टेकताना करते. शेखरनं बंपर आणला. खुंट्या भोकात घातल्या, मागून नट आवळले.

उजव्या बाजूले बोट जाईन एवढी फट. डाव्या बाजूले बंपरचं टोक मडगार्डले टेकलं. नुस्तं टेकलं नाई, रुतलं. गाडीचं नाक डावीकडं बसलं होतं.

त्यानं नट ढिले केले. वायसर टाकले. एका बाजूले खेचलं, तर मधला झोक बिघडला. दुसऱ्या बाजूले खेचलं, तर बंपर हसल्यासारखा वाकडा दिसू लागला. इंजिनवाल्यानं मान हलवली, "भैया, काटना पडेगा," असं म्हणून हात धुतले अन् निघून गेला.

भार्गव त्याच सकाळी सुरतहून आला होता. तो शेडात आला, वाकून डावं टोक पाह्यलं, मंग उजवी फट पाह्यली.

"अरे रे," तो म्हणाला. मंग स्टूल ओढलं अन् बसला. चेहरा त्यानं फार सांभाळला, पण पाय हलू लागले, खुशीत हलतात तसे. "काही हरकत नाही भैया. ऐसा भी चलेगा. तुम्ही जा. कुणाच्या लक्षात येणार आहे?"

"माह्या."

"मग करू ना पुन्हा. घाई कुठे आहे?"

त्याची घाई कुठं झाली ते त्या गाडीवर लिहिलेलं होतं, डाव्या टोकाले, रुतलेलं.

पूजेच्या सकाळी सुशील स्वतः छोटा हत्ती टेम्पो घेऊन चौबे कॉलोनीत आला. आंघोळ केलेला, कपाळाले टिळा, नवा सदरा.

"चाल, पेटी उचल. पंडितजी येऊन बसले असतीन. काय बे, तोंड काहून असं? कुसुमवहिनीनं हाणलं का?"

शेखरनं बंपरकडं हनुवटी केली. सुशील गाडीपुढं उकिडवा बसला. त्याले दोन मिनिटंही लागले नाईत.

"इंजिनाविना माप घेतलं तू?"

"हव."

"तू?"

"हव म्हटलं ना. कितीदा विचारशीन?"

सुशीलनं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्यात नेली. "काय लागीन ह्याले? क्रोम उतरवून, डावीकडून कापून, उजवा घेऊन... मंग पुन्हा क्रोम."

"दिवाळी जाईन."

"पेटी घेऊन चाल. पूजा माह्या शेडात कर. मंग रोज संध्याकाळी येत जा इकडं."

"कापाले काय दात लावू? हत्यार तिकडं बसलं म्हणजे तिकडचं. उद्या बसचं काम अन् संध्याकाळी हे, असं म्हणशीन तर दोन्ही सडतीन. तूच मले पह्यल्या महिन्यात हाकलशीन."

सुशीलचा हात बंपरच्या टोकापर्यंत गेला. शेखर पाहून राहिला होता. सुशीलच्या हातात ते होतं. दोघायनं मिळून लावलं असतं तर काम अर्ध्या वेळात संपलं असतं, अन् ते दोघायलेही माहीत होतं. बोटं क्रोमच्या जवळ थांबली, क्रोममध्ये त्यांची सावली पडली. मंग सुशीलनं हात मागं घेतला अन् सदऱ्याले पुसला, काही लागलं नव्हतं तरी.

"उस्ताद असता तर शिव्या दिल्या असत्या," तो म्हणाला.

"तुले का मले?"

"दोघायले." तो उठला, गुडघे वाजले. "शेखर, बसचा चेसिस परवा येते. भिलाईचा यशदीप आहे, बरा आहे पोट्टा. हात जड आहे जरा. त्याची पेटी बसवतो."

"बसव."

"पुढच्या साली..."

"पुढच्या सालचं पुढं पाहू. जाय, पंडितजी थांबला."

छोटा हत्ती रिकामा निघाला. कोपऱ्यावर वळताना सुशीलनं हात बाहेर काढला, हलवला नाई, नुस्ता काढला.

इंदूकाकू ताट घेऊन शेडात आली. फुलं, कुंकू, बुंदीचे लाडू. तिनं पेटी उघडायले लावली. हातोड्या, ठेपे, कानस, कटर, सगळं लाल कापडावर मांडलं, अन् एकेकाले बोटानं कुंकू लावलं. उस्तादनं त्याले दिलेल्या हातोडीले लावताना म्हणाली, "हे सर्वात जुनं दिसतंय रे."

"हव काकू."

"छान. आता वर्षभर इथे बरकत राहील."

आरती झाली. त्या दिवशी हत्याराले हात लावता येत नाई, काम करता येत नाई. घरी जाता आलं असतं. पण घरी कुसुम होती, अन् तिले सांगायचं होतं की अमेरिका झाली नाई. म्हणून शेखर तिथंच पायरीवर बसला, लाडू हातात धरून. पुढं कुंकू लागलेली हत्यारं, मागं वाकडा बंपर. काम पुढं पडलेलं अन् हात बांधलेले, असा दिवस त्याच्या आयुष्यात नव्हता आला.

मागून चर्र आवाज आला. त्यानं वळून पाह्यलं. भार्गव गाडीच्या मागं उकिडवा बसला होता. मागच्या बंपरवर निळी चिकटपट्टी लावून राहिला होता. एक तुकडा ह्या टोकाले, एक त्या टोकाले, एक मधोमध.

"भैया," तो म्हणाला, वर न पाहता, "पुढचा तर पुन्हा करायचाच आहे. मग मागचा पण तसाच केला तर? नाही तर गाडी बेमेल दिसेल. नुसतं निशाण लावतोय हं. आज काम नाही."

शेखर पायरीवरून उठला. लाडू पायरीवर ठेवला. मागं गेला. मागचा बंपर पाह्यला. जसा कारखान्यातून निघाला तसा, जुना, पिवळट पडलेला, पुढं काढलेल्या हनुवटीसारखा, अन् साबूत. त्याले अजून कोणाचाही कटर लागला नव्हता.

तो वाकला अन् ह्या टोकाची पट्टी नखानं सोडवून काढली.

"भैया?"

मधली काढली. त्या टोकाची काढायले त्याले भार्गवच्या बाजूनं जा लागलं, भार्गव सरकला नाई, तर शेखरनं त्याच्या खांद्यावरून हात घातला अन् काढली. तिन्ही पट्ट्यांची गोळी करून सदऱ्याच्या खिशात टाकली.

"पुढचा मी पुरा करीन," शेखर म्हणाला. "दिवाळी जाऊ द्या, संक्रांत येऊ द्या. मी कापला, मी जोडीन. पण मागच्याले मी कटर लावत नाई."

"गाडी बेमेल दिसेल हो!"

"दिसू द्या."

"मग लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? ही कुठं जाणार आहे, तुम्हीच तर म्हटलं होतं."

भार्गव उकिडवाच बसून राहिला. काही तरी म्हणावं म्हणून त्यानं तोंड उघडलं अन् मिटलं. बंगल्यातून फोनची घंटी आली, मंग काकूचा आवाज, "भार्गव, दादाचा फोन आहे! विचारतोय, गाडी झाली का?"

दोघंही बंगल्याकडं पाहू लागले. भार्गव उठला, हाफपँट झटकली, अन् जाता जाता म्हणाला, "सांगतो, पुढच्या बंपरचं थोडं बाकी आहे."

"सांगा," शेखर म्हणाला, अन् पायरीवरचा लाडू उचलून खाल्ला.